सुधा लावली म्हणून सौध

गावाची ओळख रंगावरून सांगायची मराठीची खोड फार जुनी. पिकते ती जमीन काळी आणि माणसं राहतात ती पांढरी. जुन्या कागदांत ‘काळी-पांढरी’ असा जोडशब्द आला की शेतासकट, गावठाणासकट अख्खा गाव आला. ही पांढरी कुणी भिंतींना चुना फासल्यामुळे पांढरी झालेली नाही. एकाच जागेवर पिढ्यान्‌पिढ्या मातीची घरं उठली, पावसात बसली आणि त्याच ढिगावर पुन्हा उठली. चुलीची राख, शेणमाती, पडक्या भिंतींचा भुगा असं साचत साचत खालची जमीनच फिकट झाली. नेवाशाला, जोर्व्याला, इनामगावला पुरातत्त्ववाल्यांनी जी टेकाडं खणली ती याच जातीची. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे माळवदावर टाकतात ती पांढरी मातीच, कारण ती पाणी आत उतरू देत नाही. म्हणजे ‘पांढरी’ हा रंग आहे, माती आहे आणि पत्ताही आहे.

जुन्या वस्त्या जपायच्या म्हणून हल्ली समित्या बसतात, नियमावल्या निघतात आणि कुठल्या गल्लीत कुठला रंग चालेल त्याची यादी होते. यादीत लिहिलेलं असतं पिवळा, लाल, निळा. जुन्या गवंड्यानं अशी यादी केली असती तर तिच्यात एकही रंग आला नसता. आले असते ते जिन्नस: पिवडी, गेरू, काव, नीळ, चुना. रंगाची यादी आणि बाजाराची यादी एकच होती. ही शब्दांची अदलाबदल दिसते तेवढी निरुपद्रवी नाही. जिन्नस गेला, त्याची नुसती छटा उरली, आणि जुन्या भिंतींची दुखणी तिथूनच सुरू झाली असं माझं मत आहे. ते पटवायला शब्दांचीच साक्ष काढतो.

पहिली साक्ष ‘सौध’. हा शब्द आपण आता कवितेत आणि सोसायट्यांच्या नावांत वापरतो. सौध म्हणजे राजवाडा, उंच इमारत. पण शब्द बनला तो ‘सुधा’वरून. सुधा म्हणजे अमृत, हे सगळ्यांना माहीत आहे. तिचा दुसरा अर्थ मात्र आपण विसरलो: चुना, चुन्याचा गिलावा. सुधेनं लिंपलेलं ते सौध. उंची, खांब, कमानी, मालकाचं ऐश्वर्य यांतलं काहीच त्या शब्दात नाही. इमारतीचं नाव पडलं ते तिच्या अंगावरच्या लेपावरून. ‘वर्ण’ या शब्दाचीही व्युत्पत्ती झाकणे, वेढणे अशा अर्थाच्या ‘वृ’ धातूपासून सांगतात, आणि गंमत अशी की लॅटिन ‘कोलोर’चं मूळही भाषाशास्त्रज्ञ झाकण्याच्याच धातूशी नेऊन भिडवतात. दोन्ही भाषांना रंग आधी आवरण म्हणून दिसला. बंगळूरचं विधान सौध ग्रॅनाइटचं आहे, त्याला सुधेचा हात लागायचं कारण नाही. पण नावं एकदा मोठी झाली की जुना हिशेब कोण बघतो.

‘चुना’ त्यामानानं साधा, ‘चूर्ण’ शब्दाचा नातू. पण त्याचा गोतावळा बघा. भट्टीतून निघतो तो कळीचा चुना. त्यावर पाणी पडलं की तो फसफसतो, वाफा सोडतो, फुटतो आणि त्याची फक्की होते. फक्की पाण्यात कालवून ठेवली की वर राहते ती निवळी. मुंबईत चुनाभट्टी नावाचं रेल्वे स्टेशनच आहे. कोकणात आणि गोव्यात चुनखडीपेक्षा शिंपले भाजून चुना करायचा प्रघात, कारण समुद्र ते फुकट पुरवतो. भिंतीवर चढलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडीच होतो. म्हणजे आपण भिंतीला रंग देत नाही, कागदाइतका पातळ दगड चढवतो. ‘चुना लावणे’ या वाक्प्रचाराला फसवणुकीचा अर्थ कसा चिकटला कोण जाणे. इतका प्रामाणिक जिन्नस बांधकामात दुसरा नाही.

याच चुन्यानं जुन्या शहरांना त्यांचा रंग दिला, आणि तो पांढऱ्यापुरता नाही. चुना जहाल. फुलापानांचे बहुतेक रंग तो खाऊन टाकतो. त्याला दाद न देणारे जिन्नस मोजके: लोखंडाचा अंश असलेल्या मातीचे प्रकार, काजळी, नीळ, आणि मोरचुदासारखा एखादा क्षार. त्यामुळे एखाद्या गल्लीतली पन्नास घरं पन्नास मालकांनी आपापल्या मर्जीनं रंगवली तरी ती एकमेकांशी भांडत नसत. समिती नव्हती, शेड कार्ड नव्हतं. चुनाच समिती होता. आपण ज्याला जुन्या वस्तीचा ‘रंगमेळ’ म्हणतो तो कुणाच्या अभिरुचीतून आलेला नसून अर्धाअधिक रसायनशास्त्रातून आलेला आहे.

पणजीचं फोंताइन्हास घ्या. एका बाजूला आल्तिन्योची टेकडी, दुसऱ्या बाजूला ओरेमची खाडी आणि मध्ये चिंचोळ्या गल्ल्या. नाव पोर्तुगीज: ‘फोंत’ म्हणजे झरा, त्याचं लाडकं रूप फोंताइन्या, म्हणजे झरुली. टेकडीच्या पायथ्याशी फेनिक्स नावाचा झरा आहे, त्याच्यावरून. आल्तिन्योही तसंच लाडाचं नाव, उंचवट्याचं. या दोन पोर्तुगीज लाडक्यांच्या शेजारच्या भागाला मात्र अजून ‘मळा’ म्हणतात. तिथं नारळाचं भाट होतं आणि ते आंतोनियो जुआंव द सिकेरा नावाच्या गोंयकाराचं होतं. मोझांबिकमध्ये पैसा करून परतलेला हा गृहस्थ लोकांच्या तोंडी ‘मोसमीकार’ झाला. आफ्रिकेतल्या मुलुखाला आपला ‘कर’ प्रत्यय लावून त्याला गावकऱ्यांत बसवून टाकायचं, हे गोव्यातच होऊ जाणे.

फोंताइन्हासमध्ये घरं पिवळी, तांबडी, निळी, हिरवट. खिडक्यांच्या चौकटी आणि कोपरे पांढरे. पूर्ण पांढरं असेल ते चर्च नाहीतर चॅपेल. पोर्तुगीज अमलात खासगी घर पांढरंफेक ठेवायला मुभा नव्हती, पांढरा मान देवाचा, आणि पावसाळा सरला की घर रंगवलंच पाहिजे असा दंडक होता, असं पणजीकर सांगतात. पणजीचं मोठं चर्च, पायऱ्यांच्या नागमोडी जिन्यावर उभं असलेलं, आजही दुधासारखं पांढरं आहे आणि त्याच्या आसपासच्या रंगीत घरांमुळेच ते इतकं उठून दिसतं. आपल्याकडे वस्ती ती पांढरी. इथं वस्ती सोडून बाकी पांढरं. कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाव बेटावर, विलेमस्टाड शहरात, डच गव्हर्नर आल्बर्ट किकर्ट यानं 1817 मध्ये पांढऱ्या घरांवर बंदीच घातली. कारण सांगितलं की उन्हाची तिरीप पांढऱ्या भिंतींवरून डोळ्यांत जाते आणि डोकं दुखतं. पुढं लोक म्हणू लागले की साहेबांची रंगाच्या दुकानात भागी होती. ते शहर 1997 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. डोकेदुखी कुणाची का असेना, बेटाचं भलं झालं.

फोंताइन्हासच्या भिंतीचा पोपडा उडालेली जागा शोधून जवळून पाहावी. सगळ्यात वर प्लॅस्टिक पेंटचा पापुद्रा, नखानं ओढला तर चॉकलेटच्या वेष्टनासारखा लांबलचक निघणारा. त्याखाली पिवडीचा चुना, मग फिकट निळा, मग पुन्हा पिवळा, असे एकावर एक थर, प्रत्येक थर एकेका दिवाळीचा. त्याखाली गिलावा, आणि गिलावा सुटलेला असेल तर आतून डोकावणारा जांभा. बोट फिरवलं तर पिवडीचा थर खडूसारखा बोटाला लागतो आणि जांभ्याची भोकं ओलसर लागतात. तो ओलसरपणा लक्षात ठेवा, त्याच्याकडे यायचंच आहे.

जांभा हे नाव आपण जांभळाशी जोडतो. याच दगडाला फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरनं मलबारात पाहून ‘लॅटराइट’ नाव दिलं आणि 1807 च्या आपल्या ग्रंथात ते छापलं. लॅटिन ‘लातेर’ म्हणजे वीट. खाणीतून मऊ निघतो, विटेसारखा कापता येतो आणि हवेवर कडक होतो, म्हणून विटेचा दगड. त्याला दगडाचा उपयोग दिसला, आपल्याला रंग दिसला. याच जांभ्याच्या मुलुखातली तांबडी माती म्हणजे काव. ‘काव’ मराठी-कोकणीत आहे, आणि कन्नड-तमिळमध्ये ‘कावी’ म्हणजे हीच माती आणि तिच्यात बुडवलेलं संन्याशाचं वस्त्रही. इथं शब्दांनी थोडी थट्टा केली आहे. ‘रंग’ शब्द ‘रञ्ज्’ धातूचा. तांबूस होणं, रंगणं. त्याच धातूची राग, अनुराग, रक्त ही सगळी मंडळी. विरक्त म्हणजे शब्दशः ज्याचा रंग उतरला तो. आणि रंग उतरलेल्या माणसानं अंगावर घ्यायचं काय, तर कावेत रंगवलेलं वस्त्र.

गोव्यातल्या आणि दक्षिण कोकणातल्या काही देवळांत या कावेचं काम आहे. आधी शिंपल्यांच्या चुन्याचा पांढरा गिलावा. त्यात बारीक वाळू आणि गूळ, कुजवून मळून लोण्यासारखा केलेला. त्यावर कावेचा तांबडा थर, आणि तो ओला आहे तोवर टोकदार लोखंडी कोरणीनं खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. वेली, मोर, दशावतार असे खरवडण्यातून उमटतात. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात हे काम आहे. कृष्णानंद कामतांनी कर्नाटक किनाऱ्यावरचं असं काम गावोगाव फिरून नोंदलं. आता देवळं ग्रॅनाइटची आणि टाइल्सची होऊ लागली तेव्हा ही भित्तिचित्रं फोडण्यात देवस्थानांना काही वावगं वाटलं नाही. आपण काय फोडतोय त्याला नाव होतं, पण नाव विसरलं गेलं होतं. उरला होता ‘जुना लाल रंग’.

कावेचा थोरला भाऊ गेरू. मूळ संस्कृत गैरिक, गिरीचं ते गैरिक, डोंगरातून आलेलं. अंगणात रांगोळीखाली आणि वारली चित्रांच्या झोपडीवर आपण तो सारवतो. तिसरी बहीण पिवडी. ही पिवळी माती भट्टीत भाजली तर तिच्यातलं पाणी उडून ती तांबडी होते, म्हणजे गेरवाच्या घरात जाते. चौथं नाव हिरमुजी, लोखंडी तांबड्या रंगाचं. ते होर्मुझ बेटाचं. त्या बेटाची मातीच लालभडक आहे आणि तिथून ती गलबतांनी इकडे येई. गोवा घेणाऱ्या आल्बुकेर्कनंच होर्मुझही घेतलं आणि 1622 पर्यंत ते पोर्तुगीजांकडे होतं. इटलीतल्या सिएनाच्या मातीचं नाव जगभरच्या चित्रकारांच्या पेटीत गेलं, तसं होर्मुझचं आपल्या रंगाऱ्यांच्या डब्यात.

निळ्याची कथा तर जाऊन परत आलेल्या माणसाची. संस्कृत ‘नीली’ अरबांकडे ‘अन्-नील’ झाली, तिथून पोर्तुगीजांकडे ‘अनिल’, आणि तो शब्द घेऊन पोर्तुगीज गोव्यात उतरले तेव्हा समोर नीळ उभी! आपल्या वाऱ्याच्या अनिलाशी याचा काही संबंध नाही. त्याच ‘अनिल’वरून 1840 च्या सुमारास जर्मन रसायनज्ञांनी ‘अॅनिलीन’ नाव पाडलं आणि तिथूनच कृत्रिम रंगांची लाट उठली, जिनं खऱ्या निळीचा बाजार उठवला. आज वाण्याकडे मिळते ती कपड्यांची नीळ बहुधा अल्ट्रामरीनची भुकटी असते. नाव झाडाचं आणि माल कारखान्याचा. चुन्याचा पिवळटपणा मारायला रंगारी चिमूटभर टाकतो तीही हीच.

पोर्तुगीजांच्या नावानं आणखी एक जमाखर्च मांडायचा राहिला. आपल्या घराला रंग देणारा ‘मेस्त्री’ पोर्तुगीज, त्याच्या हातातली ‘बादली’ पोर्तुगीज, पाण्याचं ‘पिंप’ पोर्तुगीज आणि शनिवारी मिळणारा ‘पगार’ही पोर्तुगीज. बादलीत कालवलेला जिन्नस तेवढा देशी. त्या मानानं त्यांच्या ‘आझुलेजु’ची, म्हणजे रंगीत झिलईच्या फरशीची, समजूत उलटी झाली. पणजीत घरांच्या नावाच्या, गल्ल्यांच्या नावाच्या पाट्या या फरश्यांवर निळ्या अक्षरांत असतात. ‘आझूल’ म्हणजे निळा, म्हणून आझुलेजु, असं सहज वाटतं. पण तो शब्द अरबीतल्या घोटीव दगडाच्या ‘अल्-झुलैज’चा. निळा ‘आझूल’ वेगळ्या घरचा, फार्सी ‘लाजवर्द’चा, जो मराठीत लाजवर्दी म्हणून आला. दोन अनोळखी शब्द एकाच फरशीवर शेजारी नांदले आणि लोकांनी त्यांचं नातं लावून टाकलं.

छटेच्या नावानं शहर ओळखलं जाण्याचं ठळक उदाहरण जयपूर. सवाई जयसिंगानं 1727 मध्ये वसवलेलं शहर ‘गुलाबी’ झालं ते 1876 मध्ये, प्रिन्स ऑफ वेल्सच्या स्वागताला, सवाई रामसिंगाच्या कारकिर्दीत. प्रत्यक्ष भिंत पाहिली तर गुलाबाच्या पाकळीशी तिचं फारसं देणंघेणं नाही. तो गेरवाचा रंग आहे, त्यावर चुन्यानं काढलेली पांढरी वेलबुट्टी. फार्सीत गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे मुळात फुलाचं पाणी. आपण ते नाव फुलाला दिलं आणि पाण्याला ‘गुलाबपाणी’ म्हणून पाण्यात पाणी घातलं. याच घडणीचा दुसरा शब्द आपल्या गवंड्याच्या तोंडी रोज असतो: गिलावा. गिल म्हणजे चिखल, अधिक आब. फार्सी लिपीत गुल आणि गिल एकसारखेच लिहितात. म्हणजे जयपूरची गुलाबी आहे ती गिलाव्यावर, आणि कागदावर दोघींत एका न लिहिलेल्या स्वराचा फरक. 2019 मध्ये युनेस्कोच्या यादीत हे तटबंदीतलं शहर गेलं. तिथल्या बाजारपेठांना रंगाचा नियम लागू आहे. पण नियमात ‘गुलाबी’ हा शब्द असल्यावर दुकानदार शेड कार्डातली कुठली गुलाबी निवडेल याचा काय भरवसा? गेल्या काही वर्षांत तिथल्या भिंतींनी कोलंबीपासून विटेपर्यंत सगळे रंग दाखवले आहेत.

तुरीन शहरात हा गुंता कागदांनी सुटला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या बांधकाम मंडळानं रस्त्यारस्त्यांचे रंग ठरवून दिले होते, आणि पुढं शहर सरसकट एका पिवळ्यात बुडालं. 1970 च्या दशकाच्या शेवटी जोव्हान्नी ब्रीनो या वास्तुविशारदानं पालिकेच्या दफ्तरातून ते ठराव बाहेर काढले, त्यावरून शहराचा रंगाचा नकाशा पुन्हा उभा केला आणि युरोपातल्या बऱ्याच पालिकांनी त्याचा कित्ता गिरवला. आपल्याकडे असं दफ्तर सापडणं कठीण. आपलं दफ्तर भिंतीवरच आहे, आणि ते आपण दर दिवाळीला घासून काढतो.

मराठीत घराला ‘रंग काढतात’. बाहेरच्याला वाटेल की असलेला रंग पुसून टाकला. ‘काढणे’ इथं रांगोळी काढण्यातलं, चित्र काढण्यातलं. मला तो वाक्प्रचार आवडतो. पण हल्ली दोन्ही अर्थांनी खरा ठरू लागला आहे. प्लॅस्टिक पेंटवाला मेस्त्री आधी पोलिशपेपर मारून जुने थर खरोखरच काढतो, मग पुट्टी, मग प्रायमर. त्याच्या लेखी ते खाली दडलेलं शहर म्हणजे ‘खराब बेस’.

आता त्या ओलसरपणाकडे. जांभ्याची किंवा मातीची भिंत जमिनीतून पाणी ओढते, पावसात पिते आणि उन्हाळ्यात बाहेर टाकते. चुन्याच्या थरातून ती वाफ निघून जाते. प्लॅस्टिक पेंट तिला वाट देत नाही. मग पाणी आतल्या आत फिरतं, क्षार वर आणतं, भिंतीला लोणा लागतो. ‘लोणा’ म्हणजे लवणाचंच घरगुती रूप. त्या मिठाचे स्फटिक पापुद्र्यामागे फुगतात आणि पेंटसकट गिलाव्याला ढकलतात. मालक म्हणतो जुनी भिंत सडली, मेस्त्री म्हणतो सिमेंटनं प्लास्टर करा, आणि सिमेंट आलं की ओल आणखी वर चढते. छटा तंतोतंत जुळलेली असते. हेरिटेजवाल्यांच्या कागदावर सगळं व्यवस्थित असतं.

गिरगावातल्या खोताच्या वाडीत असंच चालू आहे. दादोबा वामन खोतांच्या नावाची ही वाडी ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी वसवली. मराठीच त्यांची घरची बोली. लाकडी जिने, व्हरांडे आणि रंगीत भिंतींची पासष्टेक घरं होती म्हणतात. आता निम्मीही राहिलेली नाहीत. जी आहेत त्यांच्यासमोर लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्यांची रांग लागते, फोंताइन्हासमध्येही लागते, आणि वैतागलेल्या रहिवाशांनी तिथं ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या लावल्या आहेत. फोटोला काय, छटा पुरते. त्यामुळे फोटोच्या भाडोत्री मागणीनं भिंती भडक होत चालल्या आहेत. पिवडीच्या जागी लिंबू, कावेच्या जागी टोमॅटो.

नियमावली करणाऱ्यांना माझी सूचना फार छोटी आहे. ‘पिवळा’ खोडून तिथं ‘चुन्यात पिवडी’ लिहा. ‘लाल’ खोडून ‘काव’ किंवा ‘गेरू’. छटेचा क्रमांक घालूच नका, कारण चुन्यातली पिवडी दोन घरांवर कधीच सारखी येत नाही. ओली असताना गडद, वाळली की फिकट, पहिल्या पावसानंतर तिसरीच. आणि कामाचं मापही जुन्याच भाषेत द्या. इंग्रजीत रंगाचा ‘कोट’ चढतो, पुन्हा तेच आवरण. मराठी रंगारी ‘हात’ मोजतो: एक हात, दोन हात. प्लॅस्टिक पेंटचं काम दोन हातांत उरकतं. चुन्याला तीन, बरेचदा चार लागतात, पातळ पातळ. प्रत्येक हाताआधी भिंत पाण्यानं भिजवायची, दोन हातांत निदान एक दिवस जाऊ द्यायचा, आणि ऐन दुपारच्या उन्हात तर काम करायचंच नाही. निविदेत हातांची संख्या दोन लिहिलेली असेल तर चुन्याचा मेस्त्री ती भरायलाच येत नाही.